कासव घरी आणण्याआधी आणि आणल्यावर



कासव पाळायचे तर त्याला ठेवायचे कशात आणि खायला घालायचे काय, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. गाय, शेळी, कुत्रा, मांजर यांच्याबद्दल घरातली आजी-आजोबा मंडळी अनुभवाच्या चार गोष्टी सांगू शकतात. कासवाबद्दल सांगणारे घरात कोणी नसते. राहता राहिला दुकानदार. तो म्हणतो, "याला काही लागत नाही. दोन वेळा डबीतले दाणे टाका, झाले." नेमके हेच खरे नाही. कासवाला बरेच काही लागते; फक्त ते मागत नाही.

कासव ओरडत नाही, दाराशी येऊन बसत नाही, भूक लागली म्हणून भांडे वाजवत नाही. त्याच्या शरीराचा सगळा कारभारच मंद. त्यामुळे चुकीच्या जागी आणि चुकीच्या अन्नावरही ते वर्ष-दीड वर्ष तग धरते आणि आपल्याला वाटते, छान चालले आहे. मग एक दिवस डोळे सुजलेले दिसतात, पाठ बोटाने दाबली तर मऊ लागते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून कासव हातात आल्यावर नव्हे, तर आणायचे ठरवण्यापूर्वी हा लेख घरात सगळ्यांनी मिळून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

आधी ते कोणते, हे ओळखावे

पावसाळ्यात बहादरपूरच्या शिवारात, नाल्याकाठी किंवा शेततळ्याजवळ जे कासव मुलांच्या हाती लागते, ते पुष्कळदा गोड्या पाण्यातले मऊ पाठीचे कासव असते. त्याची पाठ गुळगुळीत, कातडीने झाकलेली असते. तिच्यावर चौकटीचौकटींचे खवले दिसत नाहीत. उलटे केले तर मागच्या पायांवर झाकणासारख्या दोन झडपा दिसतात. उन्हाळ्यात पाणी आटले की ते चिखलात गाडून घेते आणि पाऊस पडला की बाहेर पडून दुसरे पाणी शोधत निघते. ते हरवलेले नसते, आपल्या कामाला निघालेले असते. रस्त्यात सापडले तर त्याचे तोंड ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला रस्त्यापलीकडे नेऊन ठेवावे. घरी आणू नये.

याचे कारण केवळ दया नाही, कायदाही आहे. आपल्या देशातली कासवे, नदीतली असोत की रानातली, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याखाली येतात. २०२२ मध्ये हा कायदा दुरुस्त झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडला किंवा बाळगला तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असलेले जमिनीवरचे सुंदर कासव, ज्याला तारा कासव किंवा स्टार कासव म्हणतात, तेही या पहिल्या अनुसूचीत आहे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात, आंध्र-तामिळनाडूकडे आणि श्रीलंकेत ते राहते, आणि त्याच्या याच नक्षीपायी त्याची मोठी तस्करी होते. २०१८ च्या नोव्हेंबरात अशी ५१ तारा कासवे सिंगापूरहून विमानाने परत बंगळुरूला आणली गेली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानेही त्याच्या व्यापारावर बंदी घातली. तेव्हा ओळखीच्या कोणी "घेऊन ठेवा, शुभ असते" म्हणून चांदण्यांचे कासव देऊ केले, तर स्पष्ट नाही म्हणावे.

शुभाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे देवळात सभामंडपात दगडी कासव असते आणि त्याला नमस्कार करून आपण पुढे जातो. जुनी माणसे विहिरीत कासव सोडत, पाणी स्वच्छ राहते म्हणून. त्या विहिरीला निदान पाणी, ऊन, किडे, शेवाळ सगळे होते. आता वास्तूच्या नावाने उत्तर दिशेला काचेच्या वाडग्यात जिवंत पिल्लू ठेवतात. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी पितळेचे कासव ठेवावे. त्याला ऊनही लागत नाही आणि औषधही.

मग पाळायचे कोणते? दुकानात मिळतात ती मुख्यतः दोन विदेशी कासवे. एक पाण्यातले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू. याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. हे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुसरे जमिनीवरचे, पिवळसर तपकिरी रंगाचे, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेवरचे सुलकाटा. सुलकाटासारख्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि तीही ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. पिल्ले झाली, कोणाला दिले किंवा मेले तरी कळवावे लागते. कोणतेही विदेशी कासव घेण्यापूर्वी पक्के बिल मागावे आणि वनमंडळाच्या कार्यालयात एकदा विचारून यावे. बिल देत नाही तो दुकानदार सोडून द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घर बांधायचे ते आज तळहातावर मावणाऱ्या पिल्लाचे नव्हे, ते मोठे झाल्यावर जे होणार आहे त्याचे. स्लायडरचे पिल्लू दहा रुपयांच्या नाण्याहून थोडेच मोठे असते. त्याची मादी पूर्ण वाढली की पाठ २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होते. नर थोडा लहान राहतो. नीट सांभाळले तर ते वीस-तीस वर्षे सहज जगते. सुलकाटाची तर गोष्टच वेगळी. पिल्लू लिंबाएवढे, आणि पूर्ण वाढ झालेले सिमेंटच्या पोत्याएवढे, चाळीस-पन्नास किलोंचे किंवा त्याहूनही जड. आयुष्य सत्तर वर्षांच्या घरात. सहावीतल्या मुलाने आज आणलेले सुलकाटा त्याच्या नातवंडांना सांभाळावे लागेल. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचे राक्षसी कासव मार्च २००६ मध्ये वारले, त्याचे वय अडीचशेच्या आसपास असावे असे म्हणत. ते इतके खरे असो वा नसो, त्याला सांभाळणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि गेल्या, हे नक्की.

स्लायडरचे घर

वाडग्यात किंवा मधे प्लॅस्टिकचे नारळाचे झाड असलेल्या डबीत हे कासव ठेवू नये. ती डबी विकण्यासाठी केलेली आहे, राहण्यासाठी नाही. ढोबळ हिशेब असा की, पाठीच्या दर इंचाला सुमारे ४० लिटर पाणी. दहा इंचांच्या मादीला ४०० लिटर झाले. म्हणजे गच्चीवरची ५०० लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पहिली दोन-तीन वर्षे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची पेटी पुरेल. त्यानंतर अंगणात किंवा गच्चीवर हौद हाच आपल्या भागातला सोपा आणि स्वस्त उपाय आहे. इथे शहरातल्यासारखी जागेची टंचाई नाही, याचा फायदा घ्यावा.

हौद सिमेंटचा असेल तर आतून चांगला घोटून घ्यावा, नाहीतर पोटाचे कवच खरवडते. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. पंधरा दिवस पाणी भरून, दोन-तीन दिवसांनी उपसून पुन्हा भरून, असे करून मगच कासव सोडावे. पाण्याची खोली कासवाच्या लांबीच्या निदान दीडपट-दुप्पट असावी, म्हणजे त्याला नीट पोहता आणि उलटे झाले तर सरळ होता येते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. त्यातले क्लोरिन उडून जाते. तळाशी बारीक खडी टाकू नये, ती गिळली जाते. दगड टाकायचेच तर कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे टाकावेत.

पाण्याइतकीच कोरडी जागा महत्त्वाची. विटा रचून त्यावर फरशीचा तुकडा उताराने टेकवला की झाले. त्यावर चढून कासवाला पूर्ण कोरडे होता आले पाहिजे, पोटाखालूनसुद्धा. तिथे ऊन यावे आणि तापमान ३० ते ३५ अंश असावे. पाणी मात्र २४ ते २८ अंशांच्या दरम्यान. कासव स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही. तापायला उन्हात जाते, निवायला पाण्यात येते. दोन्ही जागा असल्या म्हणजे ते आपले आपण बघून घेते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण अनेक घरांत गफलत होते ती इथेच. उन्हात जे अतिनील किरण असतात, त्यांपैकी यूव्ही-बी किरणांमुळे कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येत नाहीत. म्हणजे खिडकीतल्या काचेच्या पेटीत ऊन पडलेले दिसते, कासव तापते, पण त्याचा हाडांना उपयोग शून्य. साधा पिवळा बल्बही ऊब देतो, हे किरण देत नाही. हौद अंगणात असेल तर काम आपोआप होते. कासव घरात असेल तर त्याला रोज सकाळी अर्धा तास मोकळ्या उन्हात घमेल्यात किंवा टबात ठेवावे, अर्ध्या भागावर गोणपाट टाकून सावली करावी आणि स्वतः जवळ बसावे, कारण कावळा, मांजर आणि मुंगूस हे तिघेही टपलेले असतात. काचेची पेटी उचलून उन्हात कधीही ठेवू नये. ती काही मिनिटांत भट्टी होते. मोठ्या शहरांत यूव्ही-बीचे खास दिवे मिळतात. ते पेटत राहिले तरी त्यांतले किरण कमी होत जातात, म्हणून वर्षभरात बदलावे लागतात.

स्लायडर घाण भरपूर करते, मासळीपेक्षा कितीतरी जास्त. पेटीत पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर असावा आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे. उपसलेले पाणी केळीला किंवा फुलझाडांना घालावे, खत म्हणून उत्तम. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात मात्र घालू नये.

स्लायडरचे खाणे

पिल्लू आणि मोठे कासव यांचे जेवण वेगळे असते. पिल्लू जास्त करून मांसाहारी. त्याला रोज चांगल्या प्रतीचे कासवाचे दाणे द्यावेत, मान सोडून त्याच्या डोक्यात मावतील इतकेच. जोडीला बारीक गांडूळ, काट्यांसकट छोटी मासळी, आणि पाण्यावर तरंगणारी हिरवी पाने. वय वाढेल तसे पाला वाढवावा. मोठ्या कासवाच्या जेवणात तीन हिस्से पाला आणि एक हिस्सा दाणे-मासळी असावी. दाणे एक दिवसाआड पुरतात. ते पाण्यातच खाते, जमिनीवर त्याला गिळता येत नाही, म्हणून ताटलीत वाढून "खात नाही" अशी तक्रार करू नये.

दुकानात पारदर्शक डबीत वाळलेली लहान कोळंबी मिळते आणि तीच कासवाचे पूर्ण अन्न म्हणून विकली जाते. हा खाऊ आहे, जेवण नव्हे. फक्त तिच्यावर ठेवलेल्या पिल्लाला अ जीवनसत्त्व मिळत नाही. डोळे सुजून मिटतात, दिसत नाही म्हणून ते खात नाही आणि खात नाही म्हणून मरते. गाजराचा कीस, लाल भोपळा, शेवग्याचा पाला या गोष्टी आठवड्यातून दोन-तीनदा दिल्या तर ही वेळ येत नाही.

आमच्या गावात अनेक घरे शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. कणकेच्या गोळ्या, पोळी, भात, दूध, पाव, बिस्किट, पनीर यांवर स्लायडर वाढत नाही. तयार दाण्यांतही मासळीची भुकटी असते. घरात हे चालणार नसेल तर हे कासव आणू नये. त्याला शाकाहारी करण्याचा प्रयत्न म्हणजे त्याला सावकाश उपाशी मारणे.

जमिनीवरच्या कासवाचे ताट

सुलकाटा पूर्ण शाकाहारी आहे, पण म्हणून आपल्या स्वयंपाकघरातले उरलेसुरले त्याला चालते असे नाही. त्याचे खरे अन्न गवत. ताटातला पाचातला चार हिस्सा गवतच असावे: हरळी, मारवेल, बांधावरचे कोवळे-जून गवत, आणि उन्हाळ्यात वाळलेले गवत कातरून, थोडे पाणी शिंपडून. उरलेल्या एका हिश्श्यात जास्वंदाची पाने-फुले, तुतीची पाने, काटे काढलेली फड्या निवडुंगाची फडी, केना, थोडा शेवग्याचा पाला, थोडी मेथी. पालक, चुका आणि घोळ यांत ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते, क्वचित द्यावे. कोबी-फ्लॉवरही रोज नको.

आणि केळे? आपला बऱ्हाणपूर जिल्हा केळ्यांचा, घरोघरी घड टांगलेले. मुले हौसेने कासवाला केळे भरवतात आणि ते अगदी आवडीने खाते. पण १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम असते ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २० च्या वर. कासवाला हवे असते नेमके उलट: फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. शिवाय त्याच्या आतड्यात गवत आंबवून पचवणारे जीवाणू असतात. साखर गेली की त्यांचा तोल बिघडतो आणि हगवण लागते. आंबा, चिकू, द्राक्षे यांचेही तेच. केळीचे पान मात्र खुशाल द्यावे.

कॅल्शियमसाठी महागडी पावडर आणायलाच हवी असे नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळते. मूळच्या माकूळ जातीच्या समुद्री प्राण्याच्या पाठीचे ते हाड, जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट. त्याचा तुकडा कोपऱ्यात ठेवला की कासव लागेल तसे कुरतडते. स्लायडरच्या पाण्यातही टाकता येते. त्याची मागची कडक बाजू काढून टाकावी.

पाला कोठून आणता यालाही महत्त्व आहे. केळी, कापूस, सोयाबीनच्या शेतांच्या बांधावर तणनाशक मारलेले असते. ज्याचे शेत त्याला विचारल्याशिवाय गवत कापू नये. कण्हेर, रुई, एरंड, घाणेरी, धोतरा आणि गाजरगवत ही सगळी आपल्या रस्त्याकडेला उभी असतात आणि सगळी विषारी आहेत. कोवळी ज्वारी गुरांना कशी बाधते हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. तीच गोष्ट इथे.

राहायला सुलकाटाला अंगण लागते, आणि तेही भिंतीचे. जाळीच्या पलीकडचे दिसले की ते ढकलत राहते, आणि मातीत ते उत्तम बीळ खोदते, म्हणून भिंतीचा पाया फूट-दीड फूट खाली असावा. पिल्लाला पहिली काही वर्षे चार फूट बाय दोन फूट लाकडी ट्रे चालतो: खाली माती आणि नारळाचा भुसा, एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, आणि बुडणार नाही अशी उथळ पाण्याची बशी. आठवड्यातून तीन-चारदा कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत पंधरा मिनिटे बसवावे. वाळवंटाकडचे कासव म्हणून त्याला कोरडे ठेवायचे, हा समज चुकीचा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जातीची पिल्ले कमी-जास्त दमट हवेत वाढवून पाहिली. पाठीवर डोंगरासारखे उंचवटे येण्याला जास्त प्रथिनांपेक्षा कोरडी हवाच अधिक कारण ठरली. मुळात तिकडेही पिल्ले दिवसभर ओलसर बिळात असतात. आपल्याकडे यासाठी सोपी युक्ती आहे. तोंडाशी फुटलेला जुना माठ आडवा करून अर्धा मातीत पुरावा, आत ओली माती घालावी आणि ती रोज शिंपडून ओली ठेवावी. मे महिन्यातही आत गार राहते.

आपले ऊन, आपली थंडी

बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. त्यात सगळा भर ऊब देण्यावर असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे काळजी उलटी. हौदाचा अर्धा भाग झाडाच्या किंवा हिरव्या जाळीच्या सावलीत असावा. दुपारी चारच्या सुमाराला पाण्याचे तापमान मोजावे. ३० च्या वर जाऊ लागले की सावली वाढवावी आणि थोडे ताजे पाणी घालावे. बर्फ टाकू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांकडे उतरतो, तेव्हा लहान पिल्लाला बाहेर ठेवू नये. पाण्यात हीटर लावला तर त्यावर जाळीचे आवरण हवे, नाहीतर काच फुटते. थंडीत कासव मंदावले म्हणजे "झोपायला गेले" असे समजून त्याला खोक्यात बंद करण्याचा प्रयोग घरी करू नये.

हात, आजार आणि वही

कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जीवाणू असू शकतात. कासव त्याने आजारी दिसत नाही. माणसाला मात्र ताप, जुलाब होतात, आणि लहान मुलांना जास्त. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला बंदी आहे, आणि आपण मात्र तेवढेच आणतो. हात लावला की साबणाने धुवावेत, पापा घेऊ नये, त्याचे भांडे स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नये. पाच वर्षांखालच्या भावंडांच्या हाती देऊ नये.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका अंगावर कलणे, मिटलेले डोळे, मऊ पाठ, आठवडाभर अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशींत मुरलेले. कासव बघतात का हे त्यांना आधीच विचारून ठेवावे. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारता येते. जाताना कासवाला पाण्यात नव्हे, ओले फडके घातलेल्या, भोके पाडलेल्या खोक्यात न्यावे.

दर महिन्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन आणि फूटपट्टीने पाठीची लांबी, या दोन गोष्टी वहीत लिहाव्यात. तोंडावरून कासव काही सांगत नाही, ही वही सांगते. नाव ठेवायची मात्र घाई करू नये, कारण लहानपणी नर-मादी कळत नाही. इंग्लंडच्या सेलबर्न गावात गिल्बर्ट व्हाइट या निसर्गअभ्यासकाने वर्षानुवर्षे निरखलेल्या कासवाचे नाव टिमोथी होते. ती मादी होती हे ती मेल्यावर कवच तपासताना कळले. स्लायडर मोठे झाले की नराच्या पुढच्या पायांची नखे लांब आणि शेपूट जाड दिसते. मादी नराशिवायही अंडी घालते. तेव्हा तिला हौदाबाहेर फूटभर खोल ओलसर वाळू-मातीची जागा लागते, नाहीतर अंडी पोटात अडकून जिवावर बेतते.

नकोसे झाले तर

कासव मोठे झाले, पाण्याला वास येऊ लागला, बदली झाली, मुलगा शिकायला बाहेर गेला. अशा वेळी बरेच जण त्याला तापीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडतात आणि पुण्य केले असे समजतात. स्लायडर जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत आहे. उन्हात बसायच्या जागा आणि अन्न ते आपल्या कासवांकडून हिसकावते आणि रोगही देते. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात २०१८ मध्ये अशी स्लायडर आढळली. ती तिथे पोहत अमेरिकेहून आली नव्हती. तापीत आधीच पाणी कमी आणि कासवे त्याहून कमी. सुलकाटालाही रानात सोडू नये.

सांभाळणे शक्य नसेल तर जागा आणि तयारी असलेले दुसरे घर शोधावे. नोंदणी असलेल्या कासवाचे हस्तांतर पोर्टलवर कळवावे, आणि कोणी मिळेना तर वनमंडळाच्या कार्यालयात किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे आधी विचारून मगच न्यावे. देताना बिल, नोंदणीचा कागद, दिवा आणि वजनाची वही बरोबर द्यावी.